ब्रेकची डिस्क बदलायची की टर्निंग मारून भागेल?

सर्व्हिस सेंटरमधून फोन येतो, "सर, पुढचे पॅड संपलेत, डिस्कवर पण रेघा आल्यात, दोन्ही डिस्क बदलून टाकू का?" आणि तीच गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे नेली की तो म्हणतो, "कशाला बदलताय साहेब, लेथवर टर्निंग मारून आणतो, वरचा थर कापून सपाट करून, निघेल अजून दोन वर्षं." आता यातला खरं कोण बोलतोय हे आपल्याला कळत नाही, मग आपण खिसा बघून ठरवतो. आणि बहुतेक वेळा झालेलं असं असतं की दोघांपैकी एकानेही डिस्क मोजलेली नसते, नुसती नजर टाकलेली असते.

ब्रेक रिपेअर करायचे की बदलायचे असा एकच प्रश्न अख्ख्या ब्रेकला लावला की गोंधळ होतो. डिस्कला दोन्ही बाजूंनी घासणाऱ्या पॅडचं उत्तर वेगळं, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कचं वेगळं, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचं तर पार उलटं. काही पार्ट असे आहेत की त्यांना रिपेअर नावाची गोष्टच नाही, काही असे की रिपेअर करणं हेच शहाणपण, आणि डिस्क आणि ड्रम (बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकात डिस्कऐवजी असतो तो डबा) मधे लटकलेले, त्यांचा निकाल मोजून लागतो.

आधी हे बघू की ब्रेक नेमकं काय काम करतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ब्रेक गाडीचा वेग घेतो आणि त्याची उष्णता करतो, बस, एवढंच. माणसं-सामान धरून 1,200 किलोची गाडी ताशी 80 किमीवरून एकदम थांबवली तर साधारण 3 लाख ज्यूल ऊर्जा निघते, आणि एवढ्या उष्णतेत घरातलं जवळजवळ एक लिटर पाणी उकळीला येतं. ते पण तीन-चार सेकंदात, आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येत असल्यामुळे त्यातला बराचसा वाटा पुढच्या दोन डिस्कवर जातो. आता महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं म्हटलं तर साधारण 1,350 मीटर उंचीवरून तुम्ही थेट कोकणच्या तळाशी येता, बाराशे मीटरच्या वर उतार, हिशोब केला तर 80 वरून 45-50 वेळा कचकन थांबण्याएवढी ऊर्जा होते. यातली काही हवा खाते, काही इंजिन खातं जर तुम्ही गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे ठेवली असेल तर, आणि न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचवणारे महाभाग असाल तर जवळजवळ सगळी ब्रेकच्या डोक्यावर. म्हणून डिस्कची जाडी महत्त्वाची. डिस्क म्हणजे ओतीव लोखंडाचा गोळा, जितकं लोखंड जास्त तितकी उष्णता ती पोटात घेऊ शकते, पातळ झाली की तेवढ्याच ब्रेकमधे जास्त तापते, मग पॅडची पकड ढिली पडते, ब्रेक ऑइल तापतं, आणि पुढची कथा घाटात कोणालाच अनुभवायची नसते.

पॅडचं पटकन उरकतो कारण त्यात ठरवायला फार काही नाही. पॅड रिपेअर होत नाहीत. नवीन पॅडवर घासणारा मसाला साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो, मागची लोखंडी पट्टी यात धरायची नाही, आणि मसाला 3 मिलिमीटरवर आला की बदलायचे. काही जण सँड पेपर मारून परत बसवून देतात. पॅडवर काचेसारखी चकाकी आली असेल, आवाज येत असेल तर थोडे दिवस फरक पडतो हे खरं, पण त्याने मसाला वाढत नाही, उलट कमीच होतो. पॅडला तेल किंवा ग्रीस लागलं असेल तर पेट्रोलने धुऊन, पेपर मारून वापरायच्या भानगडीत पडू नका, तो मसाला तेल शोषून घेतो आणि तापला की परत बाहेर सोडतो, सरळ फेकायचे.

बऱ्याच पॅडना एक बारीक पत्र्याची जीभ असते, पॅड संपत आला की ती डिस्कला टेकते आणि चिरका आवाज येतो, हा आवाज मुद्दाम दिलेला असतो. तो ऐकून म्युझिक वाढवायचं नसतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे खरखर, लोखंडावर लोखंड, आणि तिथपर्यंत गेलात की नुसत्या पॅडवर भागणारं काम डिस्कवर जातं.

खरी अडचण होते ती पॅड अर्धवट असताना. समजा 4 मिलिमीटर राहिलेत आणि मेकॅनिक म्हणतोय बदला, तुम्हाला वाटतंय हा बिल वाढवतोय. इथे साधा हिशोब करा. 12 चे 4 व्हायला गाडी 40,000 किमी चालली असेल तर 5,000 किमीला एक मिलिमीटर गेला, पुढची सर्व्हिस 10,000 किमीवर आहे, म्हणजे तेव्हा 2 राहतील, म्हणजे मधेच कुठेतरी 3 ची रेघ ओलांडणार. तेव्हा आत्ताच बदललेले बरे, मजुरी तशीही एकदाच जाणार. पण तुमची गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघत असेल आणि सर्व्हिस किमीवर नाही, वर्षावर येत असेल तर 4 मिलिमीटर आरामात पुढच्या सर्व्हिसपर्यंत जातात. फक्त एक, हे मोजमाप आतल्या पॅडचं घ्या. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड, आतला दिसत नाही, आणि बऱ्याचदा आतलाच आधी संपलेला असतो. आत-बाहेर मोठा फरक दिसला तर प्रश्न पॅडचा नाही, कॅलिपरचा आहे, त्यावर खाली येतोच.

आता डिस्क. जवळजवळ प्रत्येक डिस्कवर, बहुतेक वेळा मधल्या टोपीच्या भागावर किंवा कडेला, किमान जाडी कोरलेली असते, "मिन" असं लिहून पुढे आकडा. गंजाखाली लपलेला असतो, वायर ब्रश मारला की दिसतो, नाहीच दिसला तर त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे असतो. धरून चालू की नवीन डिस्क 22 मिलिमीटरची आहे आणि किमान 20 आहे. म्हणजे त्या डिस्कचं अख्खं आयुष्य दोन मिलिमीटरमधे, दोन्ही बाजू धरून! त्यामुळे "बरीच जाड वाटतेय की" असं बोटाने चाचपून सांगण्यात काही अर्थ नसतो.

मोजताना एक गडबड होते. डिस्क जिथे पॅड घासतो तिथेच झिजते, बाहेरची कड तशीच राहते, त्यामुळे कडेला एक ओठ तयार होतो, नखाने लागतो. साधा व्हर्नियर लावला की त्याचे जबडे त्या ओठावर टेकतात आणि आकडा जास्त दाखवतो, आणि तुम्ही खूश. मायक्रोमीटर असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर एक रुपयाची दोन सारखी नाणी घ्यायची, आधी दोन्ही एकत्र धरून त्यांची जाडी मोजायची, मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना ओठाच्या आत एकेक नाणं धरून वरून व्हर्नियर लावायचा आणि नाण्यांची जाडी वजा करायची. असं डिस्क फिरवत सात-आठ ठिकाणी करायचं. तिसरा हात लागतो, कोणाला तरी सोबत घ्या. सात-आठ जागी मोजायचं कारण असं की किमान जाडी धरायची असते ती सगळ्यात पातळ जागेची, आणि जागोजागी जाडी वेगळी येत असेल तर ब्रेक मारल्यावर पाय का थरथरतो त्याचं उत्तर पण इथेच मिळतं.

आकडा हातात आला की तीन शक्यता होतात, काहीच न करणं, टर्निंग किंवा नवीन डिस्क, आणि त्यातली पहिली कोणीच सांगत नाही. समजा 21.4 आली, पृष्ठभाग बऱ्यापैकी सपाट आहे, बारीक रेघा आहेत पण नख अडकत नाही, ब्रेक मारताना कंप नाही. तर काहीच करू नका. नुसते पॅड बदला. नवीन पॅड टाकले की टर्निंग मारलंच पाहिजे असं नाही, उगाच चांगलं लोखंड लेथवर घालवू नका. समजा 21.4 च आहे पण खोल चर पडलेत किंवा थरथर आहे, तर टर्निंगला जागा आहे, एका बाजूने 0.2-0.3 मिलिमीटर काढलं तर 20.8 ते 21 उरते, ठीक. आणि समजा 20.8 आली. आता टर्निंगवाला म्हणेल अजून 20 च्या वर आहे ना! हो, आहे, टर्निंगनंतर 20.2 होईल, कागदावर पास, पण नवीन पॅडच्या आयुष्यात ती डिस्क अजून झिजणार आणि पॅड अर्धेही संपायच्या आधी 20 च्या खाली जाणार. म्हणजे टर्निंगचे पैसे, पुन्हा चाक खोलायची मजुरी, आणि शेवटी नवीन डिस्क घ्यावीच लागणार. किमान जाडी ही डिस्क फेकायची रेघ आहे, टर्निंग मारून तिथपर्यंत न्यायची नाही. 20 च्या खाली असेल तर चर्चाच संपली, कितीही गुळगुळीत असली तरी.

टर्निंगबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ज्यांच्याकडे ब्रेक डिस्कचंच मशीन आहे, किंवा डिस्क गाडीवर असतानाच टर्निंग करणारं मशीन आहे, ते काम छान होतं. पण बऱ्याच गावात पंपाच्या शाफ्टपासून ट्रॅक्टरच्या पुलीपर्यंत सगळं एकाच लेथवर चालतं, तिथे डिस्क चकमधे किंचित तिरकी धरली गेली तरी ती तिरकीच कापली जाणार. बहुतेक गाड्यांना डिस्कचं डोलणं मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा कमीच लागतं, कित्येकांना त्याच्या निम्मंच. गुळगुळीत चकचकीत डिस्क परत येते, बसवली की पहिले काही दिवस मस्त, आणि दोन-तीन महिन्यांनी थरथर सुरू. तेव्हा तुमच्या भागात टर्निंगचा रेट काय, नवीन डिस्कचा काय हे दोन्ही विचारा. छोट्या गाड्यांच्या डिस्क चांगल्या कंपनीच्या पण बऱ्यापैकी स्वस्त मिळतात, टर्निंग आणि दोन वेळची मजुरी धरून खर्च नव्याच्या अर्ध्यावर जात असेल तर मी तरी नवीनच घेईन. मोठ्या, महागड्या गाडीच्या डिस्कला मात्र टर्निंगचा विचार करायला हरकत नाही, जाडी शिल्लक असेल तर.

थरथरीवरून आठवलं, "डिस्क वाकडी झालीय" हे वाक्य गॅरेजमधे फार स्वस्त आहे. डिस्क खरोखर वाकणं तसं कमी वेळा होतं. बहुतेक वेळा जाडी जागोजागी असमान झालेली असते, किंवा तापलेल्या पॅडचा मसाला एका जागी चिकटलेला असतो (घाटात तुफान ब्रेक मारून खाली नाक्यावर ब्रेक दाबून उभे राहिलात की असा ठसा उमटू शकतो), किंवा डिस्क आणि हब (डिस्क आणि चाक ज्याच्यावर बसतात तो मधला भाग) यांच्या मधे गंजाचा थर असतो आणि त्यामुळे डिस्क बसतानाच तिरकी बसते. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे हो. नवीन डिस्क आणली आणि गंजलेल्या हबवर तशीच ठोकून बसवली तर ती नवीन डिस्क पण काही हजार किमीत थरथरायला लागणार, मग तुम्ही डिस्कच्या कंपनीला शिव्या देणार. हब वायर ब्रशने लोखंड दिसेपर्यंत साफ करा असं मेकॅनिकला सांगा, उभं राहून करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

कोकणातल्या, मुंबईतल्या लोकांना गंजाचा अजून एक घोर असतो. पावसात रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी डिस्क नारिंगी दिसते. त्याचं काही नाही, पहिल्या चार-पाच ब्रेकमधे निघून जातं, थोडा घर्र आवाज येईल तेवढाच. पण गावी गाडी चार-सहा महिने उभी असेल, समुद्राची खारी हवा असेल, तर गंज आत शिरतो, खड्डे पडतात, आणि पॅड जिथे टेकलेला होता तिथे त्याच्या आकाराचा डाग राहतो. चालवून तो गेला तर ठीक, नाहीतर टर्निंग, आणि टर्निंग मारून पण खड्डे उरत असतील तर डिस्क बदलायची. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे जास्त सोसावं लागतं कारण बराचसा ब्रेक मोटरच लावते, डिस्कला काम कमी, म्हणून पॅड वर्षानुवर्षं टिकतात आणि डिस्क गंजते. अधूनमधून मोकळा रस्ता बघून जरा दाबून ब्रेक मारत जा.

आता कॅलिपर, आणि इथे मी पूर्णपणे रिपेअरच्या बाजूने आहे. बहुतेक गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्या धक्क्याने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनांवरचं ग्रीस वाळलं, रबरी बूट फाटून पाणी गेलं की पिन जाम होतात, मग आतला पॅड एकटाच काम करतो आणि एकटाच संपतो. लक्षणं ओळखता येतात: एका चाकाशी जळकट वास, तेच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम (लांबून हाताचा अंदाज घ्या, रिमला हात लावू नका), गाडी एका बाजूला ओढते, मायलेज पडतं. अशा वेळी "कॅलिपर गेला, असेंब्ली बदलावी लागेल" हे ऐकून लगेच मान हलवू नका. पिन काढून बघायला सांगा. चांगली पिन हाताने, बोटांच्या जोराने सरकते, जाम झालेली पान्याने पिरगाळून ओढावी लागते आणि बाहेर येते तेव्हा तिच्यावर तपकिरी चिकट पेस्ट आणि गंजाचे डाग दिसतात. साफ करून, बूट नवीन टाकून, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं की काम होतं. चेसिसला मारायचं साधं ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन परत जाम. पिस्टन जाम असेल तर सील किट मिळतं, पिस्टन बाहेर काढून बघायचा, स्वच्छ असेल तर किट टाकून कॅलिपर पुन्हा उभा राहतो, पिस्टनला गंजाचे खड्डे पडले असतील तर पिस्टन बदलायचा. कॅलिपरच्या आतल्या भिंतीलाच खड्डे असतील, किंवा ऑइल सुटायचा स्क्रू गंजून तुटला असेल, तेव्हा मात्र असेंब्लीची गोष्ट खरी. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाड्यांचा मागचा कॅलिपर कोपऱ्यावर उघडायला देऊ नका, पिस्टन मागे घ्यायला बहुतेक वेळा स्कॅनर लागतो, सी-क्लॅम्प लावून दाबला की मोटर जाते.

मागच्या ड्रमला लोक विसरतातच. ड्रमवर डिस्कच्या उलट, कमाल व्यास कोरलेला असतो, कारण ड्रम आतून झिजतो आणि मोठा होत जातो. लायनर म्हणजे पॅडचेच भाऊ, संपले की बदलायचे, दोन्ही चाकांचे एकदम. लायनरचा मसाला उचकटून नवीन चिकटवून देणारे असतात, ट्रकच्या धंद्यात रिव्हेट मारून ते नेहमी चालतं आणि तिथे ते काम जाणणारी माणसं पण आहेत, पण कारच्या लायनरचा नवीन सेट सहज मिळत असताना चिकटवलेल्यावर कशाला विसंबायचं. ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरच्या, म्हणजे लायनर ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या, रबराची कड उचलून बघा, आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय, आणि त्याला नुसते वॉशर किट टाकण्यापेक्षा सिलिंडरच बदललेला बरा, फार महाग नसतो. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, जुन्या लायनरमधे अ‍ॅसबेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट, ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनर मारून पुसायची.

रबरी होज आणि लोखंडी पाइपला रिपेअर नाही, चीर दिसली, फुगला, गंजला की बदलायचा. मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरचं, एक लक्षण लक्षात ठेवा: सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभे आहात, बाहेर कुठेही गळती नाही, आणि पेडल हळूहळू खाली खाली जातंय, म्हणजे आतल्या आत ऑइल मागे पळतंय. पूर्वी त्यात किट टाकायचे, आताचे सिलिंडर बरेचसे अ‍ॅल्युमिनियमचे असतात, आतला थर एकदा खरवडला की किट फार टिकत नाही, तेव्हा असेंब्ली. अशी गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, मेकॅनिकला बोलवायचं.

ब्रेक ऑइल हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट, हो मी त्याला पार्टच म्हणतो. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 ग्रेडचं ऑइल नवीन असताना किमान 230 अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर हीच मर्यादा 155 वर येते, डॉट 3 चं 205 वरून 140. घाटात ते उकळलं की पाइपमधे वाफ होते आणि पेडल सरळ फळीला टेकतं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात, आपल्या पावसाळ्यात तर नक्कीच. आणि लेव्हल कमी दिसली की लगेच टॉप-अप करू नका, पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि लेव्हल आपोआप खाली जाते, ते पॅड संपत आल्याचंच लक्षण असतं. टॉप-अप करून ठेवलं की नवीन पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलल्यावर ऑइल बाहेर सांडतं, आणि ब्रेक ऑइल पेंट खातं.

पार्ट घेताना पॅड, लायनर, डिस्क हे नेहमी एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बाजूंचे एकदम, एका बाजूचे नवीन आणि एका बाजूचे जुने अशी जोडी लावली की ब्रेक मारताना गाडी ओढते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या स्पेअरच्या बाजारात डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे, बॉश, राणे असा ओळखीचा ब्रँड घ्या, पक्क्या बिलाने घ्या, आणि निम्म्या किमतीला "सेम टू सेम" मिळत असेल तर ते सेम नसतं. एस्टिमेट मागताना एकच वाक्य बोला, डिस्क किती मिलिमीटर आली आणि किमान किती आहे ते लिहून द्या. ज्याने मोजलंय तो लगेच देतो. ज्याने मोजलं नाही तो आता मोजायला जातो. जुने पार्ट पण डिकीत ठेवायला सांगा.

काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल चार-सहा वेळा दाबून कडक होतंय ना बघा, पिस्टन मागे ढकललेला असतो त्यामुळे पहिला पाय पोकळ जातो आणि लोक गॅरेजच्या गेटलाच ठोकतात. मग पहिले 200-300 किमी पॅड आणि डिस्क एकमेकांना बसू द्यायचे, मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 वर मध्यम जोराने ब्रेक मारत आठ-दहा वेळा, मधे थंड व्हायला वेळ देत, पूर्ण न थांबता. या काळात थोडा वास येतो, तो चालतो. पण त्यानंतर पण वास येत राहिला, आणि तो एकाच चाकातून येत असेल, तर परत जाऊन त्या कॅलिपरच्या पिना उघडायला सांगा.